पाठ अकरावा

चपलेलाही कान असतात.
सुभाषनगरात हे कुणाला सांगावं लागत नाही.
पत्र्याच्या खोलीत उंबऱ्याला पाठ लावून
मी वेणी घालत बसतो,
चामड्याच्या तीन वाद्या, खाली-वर, खाली-वर,
बोटं अडकलेली, डोळे अडकलेले.
कान तेवढे मोकळे.

भाची हर्षदा, परीक्षेला बसणार होती स्पॅनिशच्या.
बसली नाही, लग्न होऊन निपाणीला गेली.
जुना फोन मागं राहिला
आणि त्यात ही दोघं राहिली,
पिलार आणि तोमास.

ओला. के ताल?
मुई बिएन.
कसं काय, तर झ्याक.
आमच्यात ताल विचारत नाहीत,
पण पलीकडं विठूदादा तळ ठोकत असतो,
त्याला विचारला तर सांगेल.

त्यांच्या गावात पाव कायम ताजा.
बस वेळेवर. जो तो दुसऱ्याला
किती वाजले विचारतो
आणि घाई कुणालाच नसते.
दुकानात पिलार म्हणाली, किएरो पागार,
तशी माझी बोटं थांबली.
पागार! म्हणजे आमचा पगारच की,
जोडामागं ठरलेला, शनिवारचा,
कधी कधी शनिवारचा सोमवार होणारा.
तिच्या तोंडी तो देणं आहे, माझ्या तोंडी येणं.
समुद्रातून येताना उलटा झाला असणार.

सुलाबाई दारातून डोकावते,
"तुला काय स्पेनला न्यायला येणार हाईत व्हय?"
न्हाई.
"मग गं?"
मग काय.
माझ्या वेण्या कुणाच्या पायात जातात
ते तरी कुठं ठाऊक आहे मला.

त्यांच्यात मी म्हणजे माझं.
मी कासा, माझं घर.
आणि मी म्हणायचं तर मी लागतच नाही,
क्रियापदाच्या शेपटीत माणूस बसलेला असतो.

नवव्या पाठात दोघं दमतात.
तोमास कान्सादो, पिलार कान्सादा.
बाईनं बाईसारखं दमायचं, असा नियम.
आम्ही कोल्हापूरच्या बायका,
येतो, जातो, जेवलो, दमलो.
पुण्याची जाऊ अजून हसते.
कान्सादा,
मी हळूच म्हणून बघितलं.
शेवटचा आ जांभईसारखा सुटला.
बरं वाटलं. पुन्हा म्हटलं.

अकराव्यात तोमासचा आवाज खाली येतो.
मी पाद्रे एस्ता एन्फेर्मो.
बाप आजारी आहे त्याचा.
लो सिएन्तो, पिलार म्हणते. वाईट वाटलं.
मग तीन सेकंद कुणीच बोलत नाही,
ती जागा आपली, म्हणून बघायची.
त्यानंतर शिकवणारी बाई म्हणते, मुई बिएन.
आपण चुकलो तरी म्हणते,
गप्प बसलो तरी म्हणते.

बाराव्यात रंग. तांबडा, हिरवा, पिवळा.
अरे, पण बापाचं काय झालं?
तेराव्यात हवा. ऊन पडलंय.
चौदाव्यात दोघं चपला घ्यायला जातात,
सान्दालियास, नंबर त्रेइन्ता इ सिएते.
सदतीस. माझाच नंबर.
एरवी मी ऐकत राहिलो असतो,
वेणी विचारतात का, कातडं वाकवून बघतात का.
पण तोमास हसला.
हसतोस कसा रं?

सतरापर्यंत वाट बघितली. स्टेशन कुठं आहे,
सूप गरम आहे, मांजर मेजाखाली आहे.
बापाचं नाव नाही.
म्हणून रोज तिन्हीसांजेला मी मागं जातो,
अकरावा लावतो,
आणि माझ्यापायी तो म्हातारा पुन्हा आजारी पडतो.
हे कळतं मला. तरी लावतो.

मी पाद्रे एस्ता एन्फेर्मो.
लो सिएन्तो.
मग ते तीन सेकंद.
विठूदादाचा एक ठोका,
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
आणि तिकडचे शब्द पुरेनात म्हणून
मी इकडच्याच शब्दात विचारतो,
"तोमास, आता कसं हाय रं बाला?"

मुई बिएन,
बाई म्हणते.